वन्सं, मी दमणचं सांगून टाकलं

वन्सं, मी सांगून टाकलं. भर कोर्टात, साहेबांसमोर, तुमच्या भावासमोर, आणि ज्यांच्या मुलानं तुम्हाला गाडीखाली घेतलं त्या गृहस्थांसमोर. खरं तर आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. आज आई दुपारच्या झोपल्या आहेत, हे बँकेत गेले आहेत, म्हणून लिहायला बसले. तुमच्या खोलीचं दार मी हल्ली उघडंच ठेवते. बंद असलं की तुम्ही आत आहात असं वाटतं, आणि उघडं असलं की नाही आहात हे दिसतं. दोन्हींत काय बरं, ते माझं अजून ठरत नाही.

आता नणंदेला 'वन्सं' कुणी म्हणत नाही. तुम्ही स्वतःच म्हणायचात, सुभानपुऱ्यातच काय, अख्ख्या बडोद्यात ही हाक मारणारी तू शेवटची. समोरच्या गुजराती काकींना तर ते तुमचं नावच वाटायचं, त्या बिचाऱ्या शेवटपर्यंत 'वन्साबेन' म्हणत राहिल्या. कोर्टात मात्र तुम्ही 'गुजरनार सुलभाबेन' आहात, म्हणजे मयत. पुकारा झाला तेव्हा क्षणभर मला कळेचना, ही कोण बाई.

ती संध्याकाळ मला रोज पहिल्यापासून बघावी लागते. हरणीला नात्यात डोहाळजेवण होतं, ते आटोपून आपण निघालो. स्कूटर तुम्ही चालवत होतात, मी मागे, मांडीवर ओटीची पिशवी. वाद नेहमीचाच. पंगतीतली आमटी गोड होती, आणि मला गप्प बसवत नाही. आमटीत गूळ किती घालायचा यावरून मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आपली जुंपलेली. तुमचं म्हणणं, बडोद्याच्या पाण्याला गूळ लागतोच. माझं म्हणणं, तुम्ही लोक आमटी नाही, खीर करता. तुम्ही हेल्मेटच्या आतून ओरडलात, "साताऱ्याची माणसं तुम्ही..." आणि आपल्याच बाजूनं, समोरून, ती पांढरी गाडी आली.

साताऱ्याची माणसं आम्ही काय, वन्सं? तिखट? आडमुठी? कशाचीच चव नसलेली? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी तुमचं वाक्य पुरं करून बघते. तुमच्या तोंडचं एकही वाटत नाही. एकदा तर मी फोडणी देता देता मोठ्यानं विचारलं, "काय आम्ही?" आणि खरोखर थांबले, उत्तर येईल म्हणून. मोहरी जळून गेली.

मला फारसं लागलं नाही. खांदा निखळला आणि गुडघा फुटला, एवढंच. हे सांगताना अजून माझी मान खाली जाते. तुमचं हेल्मेट उडून पडलं होतं. मी रस्त्यावर बसून तुमचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि त्या गाडीतून एक मुलगा उतरला. पंचविशीचा असेल. अंगात लग्नाला जायचा झब्बा. तो आपल्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि म्हणत राहिला, "आंटी, सॉरी, आंटी, सॉरी." त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. तो वास मला आला आणि मी ओळखला. तुमच्या डोक्यातून रक्त जात होतं, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला म्हणाल तर, अगंबाई, हे तर दमणचं.

मग त्याचे मित्र आले, त्याला दुसऱ्या गाडीत घालून घेऊन गेले. पोलिसांत तो हजर झाला दुसऱ्या दिवशी, वकिलाला बरोबर घेऊन, न्हाऊन-माखून. तोवर रक्तात काही सापडायचं राहिलं नव्हतं. कागदावर तो शुद्धीत होता आणि गाडी भरधाव होती. दारू उरली ती फक्त माझ्या नाकात.

दमणची गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण आता लपवायचं तरी कुणापासून. तुमच्या रेल्वेच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न वापीला होतं, आणि तुम्ही मला बरोबर नेलंत. लग्न लागलं, जेवणं झाली, गाडीला वेळ होता. तुम्ही म्हणालात, "चल, दमण इथं शेजारीच आहे. दरिया बघून येऊ." दरिया बघून झाला. मग समुद्राकडे तोंड करून बसायचं एक हॉटेल दिसलं, आणि मेनूकार्ड उलटंपालटं करत तुम्ही अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणालात, "आपण मागवूया."

मला वाटलं, भजी.

वेटरनं विचारलं, कोणती? तुम्हाला नावं कुठे येत होती? यादीतल्या मधल्या नावावर तुम्ही बोट ठेवलंत, कारण सगळ्यात स्वस्त घेतलं तर चिंगूस म्हणेल आणि महाग घेतलं तर सराईत. ग्लास आला. तपकिरी, आणि वास असा की माझे डोळे चुरचुरले. तुम्ही वेटरला परत बोलावलंत आणि म्हणालात, "भैया, लिंबू, मीठ और थोडी जिरेपूड मिलेगी?" त्या भल्या माणसानं चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मीठ आणि लिंबू आणून दिलं. जिरेपूड नव्हती, त्याबद्दल माफी मागितली. तुम्ही घोट घेतलात, तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, "अगं, हे तर खोकल्याचं औषध!" मग एका ग्लासात आपण दोघी, तासभर. सरबतासारखा चमचा घालून ढवळत.

त्या तासात तुम्ही जे हसलात ना, ते मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. घरातलं तुमचं हसणं मोठ्या बहिणीचं, आटोपशीर. तिथं पदर तोंडात धरून हसत होतात. मध्येच म्हणालात, "इथं मला कुणी ओळखत नाही. किती बरं वाटतंय गं." मी ग्लास तुमच्याकडे सरकवला.

मग परतीची धास्ती. वाटेत गुजरातची दारूबंदीची चौकी, पोलीस तोंडाचा वास घेतात म्हणे. आपण दोघींनी मिळून दोन प्लेटी कांदाभजी खाल्ली आणि वर कच्चा कांदा मागून घेतला. चौकीवर रिक्षा थांबली. पोलिसानं आत डोकं घातलं, आपल्याला बघितलं आणि म्हणाला, "जाव, माजी, जाव." रिक्षा सुटल्यावर तुम्ही एवढ्या चिडलात! "माजी म्हणाला मेला! म्हातारी! माझ्याकडे बघून त्याला संशयसुद्धा येऊ नये?" आणि स्टेशनात उतरल्यावर माझा हात धरलात. "आईला कळता कामा नये. मी मेल्यावरसुद्धा नाही." मी म्हटलं, "शप्पथ."

तुम्ही मेल्यावर, वन्सं, तो वास माझ्यामागे लागला आहे. आईंच्या होमिओपॅथीच्या थेंबांना तो आहे. रोज सकाळी बाटली उघडते आणि श्वास रोखून धरते. रिक्षात शेजारी कुणी भडक अत्तर लावून बसलं की मी उतरून घेते. सगळ्यात वाईट काय, तर तो वास आला की आधी तुम्ही हसता. पदर तोंडात धरलेल्या, मागे समुद्र. आणि तुमचं हसणं संपायच्या आत तो मुलगा 'आंटी, सॉरी' म्हणायला लागतो. माझ्या आयुष्यातली एक सुंदर संध्याकाळ आणि ही एक, एकाच वासात बसल्या आहेत. एकीला बोलवावं तर दुसरी हटकून येते. त्या पोरानं तुम्हाला नेलं ते नेलंच, दमणसुद्धा नेलं. याची भरपाई कुठल्या अर्जात मागायची?

भरपाईचंही सांगते. आमच्या वकीलबाई चांगल्या आहेत, मराठीच, इथल्याच अकोटा भागातल्या. त्यांनी समजावलं ते असं. गाडीचा विमा आहे, तेव्हा विमा कंपनी आईंना पैसे देईल. मुलगा प्यायलेला होता असं ठरलं तरी देईल, पण मग तेवढे पैसे ती गाडीच्या मालकाकडून, म्हणजे मुलाच्या वडलांकडून, वसूल करेल. तसं झालं की ते वरच्या कोर्टात जाणार आणि सगळं लांबणार. दारूचा विषयच निघाला नाही, तर लोकअदालतीत तडजोड होऊन पैसे लगेच हातात. तुम्ही आईंसाठी ठेवलेल्या दिवसाच्या बाईचा पगार तुमच्या पगारातून जायचा, हे त्यांना ठाऊक होतं. "काकू, वासाचं तुम्ही आपणहून काढू नका," त्या म्हणाल्या. "विचारलं तर मात्र खोटं बोलू नका." अर्जदार आई. मी फक्त साक्षीदार. नणंद गेली म्हणून भावजयीला काही मागता येत नाही, कायद्यात मी तुमची कुणी लागत नाही.

मग एक दिवस ते गृहस्थ घरी आले. मुलाचे वडील. मी त्यांना दारातून घालवायचं ठरवून ठेवलं होतं, आणि ते चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत या म्हटल्याशिवाय आले नाहीत. टाइल्सचं दुकान आहे त्यांचं. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसले. "बेन, जे थयुं ए हुं पाछुं नथी करी शकतो," ते म्हणाले, झालं ते परत फिरवता येत नाही. "पैसा तमने पूरा मळशे. बस, दारूनी वात रहेवा दो. मारी दुकान जशे." आणि मग हळूच, "आखरे एक वास ज छे ने, बेन?"

ते गेल्यावर तुमचे भाऊ खिडकीशी गेले. मग म्हणाले, "तसंही, वास म्हणजे काय पुरावा? आणि तुला काय माहीत गं दारूचा वास? तुझं माहेर माळकरी, सासर दारूबंदीत." मी चहाची भांडी उचलून आत गेले. नळ मोठा सोडला.

त्या रात्रीपासून मी तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही म्हणाल, शप्पथ घातली होती. मी म्हणते, मग तो मुलगा नुसता जोरात गाडी चालवत होता असं लिहिलं जाऊ दे? तुम्ही म्हणाल, आईच्या बाईचा पगार बघ. मी म्हणते, बघितला. तुम्ही म्हणाल, नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत माझ्या नावाला डाग नाही, आणि तू भर कोर्टात मला दारूच्या टेबलाशी बसवणार? इथं मी कूस बदलते. खरंच सांगते, पैशासाठी मी गप्प बसले असते, त्यात लाज काय. पण तुम्ही आपोआप मेला नाहीत. कुणीतरी ग्लास भरला, कुणीतरी प्यायला, कुणीतरी चावी त्याच्या हातात दिली. हे न बोलता मी तुमच्या फोटोला हार कसा घालू?

साक्षीच्या दिवशी मी तुमची मोरपंखी साडी नेसले होते. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, मुलाची अवस्था कशी होती. मी सांगितलं, झोकांड्या जात होत्या आणि तोंडाला दारूचा वास होता. वकीलबाईंनी डोळे मिटले. मग मालकांचे वकील उठले. हसतमुख माणूस. आवाजात अगदी साखर. मला आधी चांगल्या घरची ठरवून टाकलं.

"बेन, तमे तो सारा घरनां छो. दारू केवी गंधाय, एनी तमने शुं खबर?"

एक वाट होती. दवाखान्यात स्पिरिटचा वास घेतलाय, असं म्हणता आलं असतं. त्यांनी लगेच म्हटलं असतं, मग गाडीत हात धुवायचं औषध सांडलं असेल, आणि तुमचं मरण तिथंच पुसलं गेलं असतं.

"खबर छे," मी म्हटलं. "पीधी छे."

मागच्या बाकावर खाकरल्याचा आवाज आला. तो खोकला मी संसारभर ओळखते.

"क्यां?"

"दमणमां."

"एकलां?"

वन्सं, तेवढ्यात मी तुम्हाला विचारलं. मनातल्या मनात विचारलं, सांगू का? तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. नुसत्या होतात तिथं, माझ्या डाव्या अंगाला, हेल्मेट काखेत धरून. मी शपथेवर सांगते, होतात.

"मारां नणंद साथे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा उजळला! "एटले गुजरनार बेन पण पीतां हतां?"

"एक वार. एक ग्लासमां बे जण. अने पछी अमे रिक्षामां गयां, साहेब. गाडी नथी चलावी."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग वकिलांकडे. "दमणमां ए गुनो नथी, वकील साहेब. आगळ चालो." आणि त्यांनी माझं म्हणणं लिहून घ्यायला सांगितलं, वासासकट. बाहेर आले तेव्हा ते गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. मला राग यायला हवा होता, आला नाही. आमची दोघांचीही घरी जायची हिंमत होत नव्हती. तडजोड बारगळली, पुढची तारीख पडली. आईंच्या त्या बाईला आता अर्धाच दिवस बोलावतो, उरलेला अर्धा मी आहे.

घरी जाताना रिक्षात, सुभानपुऱ्याच्या वळणावर, हे म्हणाले, "माझी बहीण. माझी बायको. आणि मला कुणी काही सांगत नाही." रडत होते. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. मग नाक पुसून म्हणाले, "आईला बाहेरून कळायच्या आत तू सांग. मला जमायचं नाही."

आईंच्या खाटेशी बसले. तुमच्या शपथेसकट सगळं सांगितलं. बोट मधल्या नावावर ठेवलंत ते, लिंबू-मीठ, खोकल्याचं औषध, कांदाभजी, 'माजी' म्हणणारा पोलीस. आई छताकडे बघत ऐकत होत्या. संपल्यावर मी वाट बघत राहिले, आता बोलतील, आता तोंड फिरवतील.

"जिरेपूड मागितली?" आई म्हणाल्या.

"हो."

"दारूत घालायला?"

"हो, आई."

त्या हसायला लागल्या. दात वाटीत काढून ठेवलेले, नुसत्या हिरड्यांनी हसत होत्या, आणि हसता हसता त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. तुम्हाला नेलं त्या दिवसापासून त्या रडल्या नव्हत्या. मी पाणी पाजलं. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "येणारा जो तो मला माझीच मुलगी सांगतो. अशी होती, तशी होती, कर्तबगार होती. ते सगळं मला ठाऊक आहे गं. हे नव्हतं ठाऊक. परत सांग."

परत सांगितलं. तुम्ही 'इथं मला कुणी ओळखत नाही' म्हणालात, तेही सांगितलं. पहिल्यांदा गाळलं होतं. त्यावर त्यांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. तासभर तरी."

आता रोज जेवण झालं की म्हणतात, दमणचं सांग. एखादा तपशील विसरले तर मलाच सांगतात. काल मात्र माझं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अजून काही आहे का तिचं? मला न सांगितलेलं?"

त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे."

"मग सांग की."

"उद्या सांगते, आई. आता पडा जरा."

त्या इतक्या शहाण्या मुलीसारख्या कुशीवर वळल्या. आणि आज सकाळपासून मी तुमचं सगळं आयुष्य उलथंपालथं करते आहे. काही नाही, वन्सं. तुम्ही लपवून ठेवलेलं ते एकच होतं. बाकी सगळं तर तुम्ही या घराला भिंतीआडून ओरडून सांगत आलात. रचून सांगावं तर त्या तुमच्या आई आहेत, लगेच ओळखतील.

खाट करकरली. त्या उठल्या आहेत, मला हाक मारताहेत. काय सांगू त्यांना?